मोहाखाली बोलणारं यंत्र

सगळ्यात आधी कबूल करून टाकतो, मी जंगल बघायला गेलो नव्हतो. चंद्रपूरपर्यंत जाऊन सफारीच्या जीपमध्ये न बसता परत आलास, म्हणजे तू कमालच केलीस, असं आल्यापासून चार जणांनी मला सुनावलंय. मी गेलो होतो एका तव्यासाठी.

तवा म्हणजे ग्रामोफोनची जुनी, लाखेची तबकडी. गाण्याच्या तबकड्या कुणीही जमवतो, त्यात काय मोठं? मी जमवतो जाहिरातीच्या. हे बोलणारं यंत्र नवं नवं निघालं तेव्हा लोकांचा त्याच्यावर विश्वासच बसेना. पेटीत माणूस लपवलाय म्हणायचे. मग कंपन्यांनी खास तबकड्या काढल्या. त्यात यंत्र स्वतःच स्वतःची टिमकी वाजवायचं, मी असा, मी तसा, मला घरी न्या. दुकानदार आणि फिरते विक्रेते त्या फुकट वाजवून दाखवत. त्या विकायच्या नव्हत्याच, त्यामुळे कुणी जपल्या नाहीत, आणि म्हणूनच मला हव्यात. माझ्याकडे हिंदीतल्या आहेत, इंग्रजीतल्या आहेत, गुजरातीतली एक आहे, तिच्यात एक गृहस्थ अकरा वेळा शिंकतो. मराठी मात्र एकही नव्हती. तीस वर्षं साताऱ्यात टायपिंगचा क्लास चालवला, त्यातल्या प्रत्येक सुट्टीत शोधली. नाही म्हणजे नाही.

आणि मार्चअखेरीला चंद्रपूरहून रफिकभाईंचा, माझ्या फोनवरच्या ओळखीतल्या एका कारागिराचा, फोन आला. "भाऊ, मशीन मराठीत बोलते. मी स्वता ऐकलो."

इंदू, म्हणजे माझी बायको, पोळ्या लाटत होती. म्हणाली, "जा. पण त्या तव्यावर एक तरी पोळी भाजून दाखवा."

चंद्रपूर

स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि ऊन असं अंगावर आलं की मी परत फलाटावर जाऊन उभा राहिलो. सकाळचे साडेनऊ वाजले होते हो! आमच्याकडे एवढं ऊन पडलं तर शाळा सोडून देतात. इथे लोक डोक्याला दुपट्टे बांधून रस्त्यावर उभे राहून तर्री-पोहे खात होते. तर्री म्हणजे लाल रश्श्यातले हरभरे, पोह्यांवर ओतलेले. मी ऐटीत म्हटलं, "घाला अजून, आम्ही साताऱ्याचे." पुढची पंधरा मिनिटं माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, नुसतं पाणी आत गेलं.

रफिकभाई शिलाई मशीन, घड्याळं आणि पंखे दुरुस्त करतात. साठीचे गृहस्थ, डोळ्याला भिंग लावलेलं, आणि बोलणं मोजून मापून. "आजोबापासून आपण स्प्रिंगचेच माणसं," असं त्यांनी सांगितलं. ती पेटी गडचिरोलीकडच्या एका खेड्यात होती आणि तिची तुटलेली स्प्रिंग त्यांनीच बदलून दिली होती.

"पन तवा भेटणार नाई भाऊ," ते म्हणाले. "बाई देत नसते."

"मग मला बोलावलं कशाला?"

"ऐकाले."

आता या माणसाला काय म्हणावं! साताऱ्याहून माणूस रेल्वेत शेकून येतो, तो नुसतं ऐकायला? मी मनात म्हटलं, बघू, बायका अशाच सुरुवातीला नाही म्हणतात, नीट बोललं की देतात.

कोरपना

मधला एक दिवस मी स्वतःच्या हुशारीनं वाया घालवला. कोरपन्याच्या एका कापूस उत्पादकाकडे "काळा फोनू", म्हणजे जुना तवाच, आहे असं चहाच्या टपरीवर कळलं. रफिकभाई नको म्हणाले, तरी बसनं गेलो. रस्ताभर सिमेंटची बारीक धूळ, उतरलो तेव्हा माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

गृहस्थांनी अगत्यानं बसवलं, पाणी दिलं, आणि आतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू आणली. फडकं सोडलं. तबकडी होती, खरी लाखेची, पण तिची परडी झाली होती! कधीतरी टिनावर उन्हात राहिली, वितळून खाली बसली आणि कडा वर आल्या. तिच्यात ते सरकी ठेवत.

"वाजते का?" त्यांनी विचारलं.

"आता नाही वाजायची."

"मंग राहू द्या. सरकीले बेस हाये."

मधल्या कागदावरचं नाव वाचलं, कुठलंसं लग्नाचं गाणं होतं. म्हणजे सपाट असती तरी माझ्या कामाची नव्हती. जेवल्याशिवाय मात्र त्यांनी सोडलं नाही. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि वर "पुण्यात असं भेटते का?" हा प्रश्न. मी सातारा म्हणालो. ते म्हणाले, हो हो, पुणाच ना. चंद्रपुराकडून पाहिलं की पश्चिमेचा सगळा मुलूख पुणंच असतो, हे मला त्या दिवशी समजलं. मी मात्र दर वेळी सातारा, सातारा म्हणत राहिलो.

धानोऱ्याच्या रस्त्याला

गावाचं नाव सांगणार नाही. माझ्यासारखे आणखी चार-पाच येडे महाराष्ट्रात आहेत आणि हा मजकूर ते वाचतात. इतकंच सांगतो की आम्ही बसनं वैनगंगा ओलांडली, गडचिरोली मागे टाकली, आणि धानोऱ्याच्या रस्त्यावर एका फाट्याला उतरून दोन किलोमीटर चाललो. दोन्ही बाजूंना जंगल. रफिकभाई मोठमोठ्यानं बोलत चालले होते, एरवी ते बोलतच नाहीत. मला वाटलं, गडी खुलला.

घर शेणानं सारवलेलं, दार निळं, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. भागरथाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. सत्तरीच्या, उंच, काटक. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहून त्यांनी विचारलं, "कंपनीचे होय का जी तुमी?"

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. त्यांच्या आजेसासऱ्याच्या काळात एका लाकूड ठेकेदाराच्या तळावर हा मशीनवाला आला होता. लोकांना वाजवून दाखवलं, चार दिवसांत त्याला थंडीताप भरला, बैलगाडीत घालून नेलं. जाताना आजेसासऱ्याला म्हणाला, पेटी सांभाळ, न्यायला येतो. तेव्हापासून हे घर वाट बघतंय.

खरं सांगतो, माझ्या जिभेवर 'हो' आलं होतं. हो बाई, कंपनीचाच, उशीर झाला, द्या! रफिकभाई खाकरले. मी म्हटलं, "नाही हो. मी आपला हौशी माणूस."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "कंपनीचा असता तरी देत नसतो. आता आमचीच झाली ते."

त्यांच्या सुनेनं, सुजातानं, पेटी बाहेर आणली. सुटकेससारखी, किल्लीची. तबकडीच्या मधल्या कागदावरचं नाव मी दोनदा वाचलं. मग बाईंनी कुंपणाच्या बाभळीचा एक काटा मोडला, दगडावर घासला आणि सुईच्या जागी खोचला.

"अहो! अहो, काय करताय!" मी ओरडलोच. शंभर वर्षांची तबकडी आणि काटा? माझ्याकडे घरी सुयांच्या सोळा डब्या आहेत, मी त्यातली एक वापरायची तर दोनदा विचार करतो. सुया कधीच्या संपल्या, तेव्हापासून हे असंच, असं सुजातानं सांगितलं. आणि मग मला आठवलं की लोखंडी सुई तबकडी खाते, काटा स्वतः झिजतो. म्हणून तर ती इतकी चांगली राहिली होती! काट्यानं आवाज बारीक येतो, एवढंच.

किल्ली फिरली. खरखर झाली, आणि एक गृहस्थ नाकातून बोलू लागले:

"सज्जनहो, कृपा करून जवळ यावे. मी बोलणारे यंत्र आहे. मला अन्न नको, वस्त्र नको, पगार नको. मी दमत नाही, मी रुसत नाही."

"पगार नको म्हन्ते मेला," सुजाता म्हणाली. ती आशा वर्कर आहे, तिला या वाक्याचा भारी राग.

मग यंत्र खोकलं, कोंबड्यासारखं आरवलं, बाळासारखं रडलं आणि पोट धरून हसलं. शेवटी आवाज ओढत ओढत खाली गेला, "मला किल्ली द्या, म्हणजे मी पुन्हा बोलेन." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. तीस वर्षं मी याला शोधत होतो.

मी लगेच विचारलं, काय घेता? भागरथाबाईंनी मान हलवली. "ते मोहावर लागते."

तेव्हा कळलं. मोहफुलं पहाटे पडतात, ती उजाडता उजाडता वेचावी लागतात, आणि वाघही त्याच रानात असतो. त्या त्याचं नाव घेत नाहीत, 'तो' म्हणतात. वाकलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं. तीन वर्षांमागे गावातली एक बाई अशीच गेली होती. "सात जनी गेलतो," भागरथाबाई म्हणाल्या, "साहा घरी आलो. अन् वेशीपाशी येईपर्यंत कोनाले समजलंच नाई." त्या एवढंच बोलल्या आणि फुलं परतत राहिल्या. त्या दिवसापासून पेटी सोबत जाते.

रात्री जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि अंबाडीची भाजी होती. मी जेवलो भरपूर, पण डोक्यात चक्र चालू होतं.

मोहाखाली, पहिली सकाळ

पाच बायका आणि मी. रफिकभाई गावातल्या शिलाई मशिनी तपासायला मागे राहिले. सुजातानं पेटी डोक्यावरून आणली होती. मोहाच्या बुंध्याशी ठेवली, किल्ली दिली, गृहस्थ सुरू झाले, "सज्जनहो, कृपा करून जवळ यावे", आणि बायका वाकल्या. सज्जनांपैकी कुणीही जवळ आलं नाही, हेच बरं झालं.

मी टायपिंगवाला माणूस, मला वेळ दिसतो. तीन मिनिटं झाली की स्प्रिंग उतरायची, यंत्र म्हशीसारखं रेकायला लागायचं. मग जी जवळ असेल ती काम टाकून उठायची, पेटीपाशी जायची, किल्ली द्यायची, काटा बदलायची. तेवढ्यात भागरथाबाई कंबर सरळ करून हाका मारायच्या. "लता!" "हाव!" "मंदा!" "हाव!" "चंद्रकला!" "हाव!" "सुजाता!" "हाव!" मग पुन्हा सगळ्या वाकायच्या. पुन्हा तीन मिनिटं. पुन्हा तेच. अरे, याला काय काम म्हणायचं? तासाभरात वीस वेळा खोळंबा! आणि आवाज तरी किती, पन्नास पावलांवर धड ऐकू येत नव्हता. एवढ्याला कोणता वाघ भिणार?

माझ्या मनात लख्ख प्रकाश पडला. दुपारी गडचिरोलीला गेलो, हातभर लांबीचा ब्लूटूथ स्पीकर घेतला, उन्हावर चार्ज करणारी पट्टी घेतली. परत येऊन तबकडी फोनवर नीट उतरवून घेतली आणि ती न थांबता पुन्हा पुन्हा वाजेल अशी लावली. अंगणात आवाज सोडला तर शेजारच्या कोंबड्या खुराड्यात पळाल्या.

"हे तुम्हाला," मी म्हटलं, "आणि तो तवा मला. उद्या सकाळी बघा वापरून. पटलं तर सौदा."

सुजाताला आवडलं. "मान तरी वाचन माझी. ते पेटी का हलकी हाये?" भागरथाबाई बराच वेळ स्पीकर उलटासुलटा करून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पाहू मंग." मी आनंदानं रफिकभाईंकडे बघितलं, तर ते भिंगातून कुठल्यातरी मशीनच्या पोटात बघत होते.

मोहाखाली, दुसरी सकाळ

काय दणका होता आवाजाचा! रान घुमत होतं. गृहस्थ खोकले, आरवले, रडले, हसले, आणि श्वासही न घेता परत सज्जनहो. कुणाला उठायला नको, कुणाला किल्ली द्यायला नको. टोपल्या भराभर भरत होत्या. मी एका ओंडक्यावर बसून तबकडी घरी नेताना कशात गुंडाळायची याचा विचार करत होतो. लोकरीचा स्वेटर की टॉवेल?

कितीतरी वेळ गेला. मग वर कुठेतरी वानर खाकरलं, वाघ दिसल्यावर खाकरतात तसं. एकदा, मग लागोपाठ. भागरथाबाई ताठ उभ्या राहिल्या. लता, मंदा, चंद्रकला. सुजाता नव्हती.

"सुजाते!"

उत्तर नाही. असलं तरी ऐकू कसं येणार? माझं यंत्र पोट धरून हसत होतं. हा हा हा, हो हो हो, सगळ्या रानाला ऐकू जाईल असं. बायका जीव तोडून ओरडत होत्या आणि त्यांच्या हाकेवर ते हसत होतं. मी बंद करायला धावलो. बटण दाबलं तर आवाज वाढला. फोन काढला तर घामानं बोट चालेना. "मी दमत नाही," ते म्हणालं, "मी रुसत नाही." शेवटी मी त्या स्पीकरवर टोपली उपडी घातली आणि टोपलीवर मी बसलो, तरी खालून कोंबडा आरवतच होता. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, सहा आलो होतो, सहा आलो होतो.

कसंबसं ते बंद पडलं. भागरथाबाईंनी पुन्हा हाक मारली, आणि त्या हाकेत त्यांचा आवाज फाटला.

"काऊन बोंबलून राह्यल्या?" नाल्याच्या बाजूनं सुजाता वर आली. टोपली शिगोशिग. एका मोहाखालून दुसऱ्या मोहाखाली करत करत कधी नाल्यात उतरली ते तिचं तिलाच कळलं नव्हतं. आवाज तर येतच होता ना, मग सगळं ठीक आहे असं वाटलं, असं ती म्हणाली.

भागरथाबाईंनी तिला दंडाला धरून नाल्याच्या काठावर नेलं. खाली ओल्या रेतीत सुजाताच्या पावलांची रांग होती. तिच्या शेजारून, हातभर अंतरावरून, दुसरी रांग गेली होती. माझ्या तळहाताएवढं एकेक पाऊल, आणि त्यात अजून पाणी झिरपत होतं.

सुजाता मटकन खाली बसली. मग सासू पण बसली आणि तिनं सुनेचं डोकं पोटाशी ओढून धरलं.

गावापर्यंत आम्ही एकमेकांच्या अंगाला लागून चाललो, दर दहा पावलांना नावं घेत. मला चार शिव्या कुणी दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. अंगणात आल्यावर मीच हात जोडले. "बाई, चुकलं माझं. तवा नको मला."

"तुमची डबी चांगली हाये जी," भागरथाबाई म्हणाल्या. "पन ते थांबत नाई."

रफिकभाई ओसरीवर बसले होते. ते फक्त म्हणाले, "ऐकलं का भाऊ?"

ऐकलं. उशिरा, पण ऐकलं. वाघाला त्या नाकात बोलणाऱ्या गृहस्थांचं काही पडलेलं नव्हतं. ते गृहस्थ तीन मिनिटांत बंद पडायचे, म्हणून कुणीतरी उठायचं, मान वर करायचं, बाकीच्यांना मोजायचं. ज्याला मी खोळंबा म्हणत होतो तीच खरी राखण होती.

निघायच्या दिवशी

सकाळी मी पुन्हा मोहावर गेलो. पेटी या वेळी मी उचलली, आणि सुजाताच्या मानेबद्दल मला अतोनात आदर वाटला. हौशी माणसाच्या पिशवीत नेहमी एक जादा स्प्रिंग असते, ती बाईंना देऊन टाकली. स्पीकर लग्नाकार्याला होईल म्हणून गावात ठेवला. फोन मात्र बुंध्याशी चालू करून ठेवला, निदान सकाळ तरी उतरवून न्यावी म्हणून, आणि मीही वाकून फुलं वेचायला लागलो. ओली, गोड वासाची, बोटांना चिकटणारी फुलं. आमच्याकडे पारिजातक वेचतात तो देवासाठी, इथे ही फुलं वर्षाची मीठमिरची भागवतात. एकदा डोकं खाली गेलं की खरंच जगाचा विसर पडतो, हे स्वतः वाकल्यावर कळलं.

ते रेकॉर्डिंग आता माझ्या संग्रहात आहे. आमच्या संग्राहकांच्या बैठकीत ते मी वाजवलं. गृहस्थ बोलले, खोकले, आरवले, हसले, रेकले. मग भागरथाबाई. "लता!" "हाव!" "मंदा!" "हाव!" "चंद्रकला!" "हाव!" "सुजाता!" "हाव!" आणि मग, "पुन्याचे भाऊ!"

इथे थोडा वेळ काहीच नाही, नुसती पाखरं. मी वाकलेला होतो, मला ऐकूच आलं नव्हतं. मग पुन्हा हाक येते, वरच्या पट्टीत, सुजातासाठी आलेल्या त्याच आवाजात. "पुन्याचे भाऊ! कुठी हाय जी?" मी हरवलो म्हणून इतकं घाबरून कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. आणि मग लांबून, धापा टाकत, माझा आवाज: "हाव!"

बैठकीतले एक ज्येष्ठ मित्र म्हणाले, वा, दुर्मीळ चीज मिळवलीस. फक्त मधला तो बायकांचा गलका काढून टाक, म्हणजे नुसतं यंत्र राहील.

मी म्हटलं, गलका राहणार. अगदीच काही काढायचं असेल, तर यंत्र काढा.